वीस नंबरची रेघ

जकातीच्या हिशेबात हातमोजा ही एक वस्तू नाही. सुयांवर विणलेला हातमोजा भारताच्या सीमाशुल्क दरपत्रकात एकसष्टाव्या प्रकरणात, ६११६ या शीर्षकाखाली येतो. तसाच हातमोजा मागावरच्या कापडातून बेतून शिवला असेल तर प्रकरण बदलते आणि शीर्षक ६२१६ होते. कातड्याचा हातमोजा ४२०३ मध्ये, रबराचा ४०१५ मध्ये. सुयांवरचाच, पण तान्ह्या मुलाचा असेल तर ६१११, कारण तान्ह्या मुलाच्या कपड्यांचा वर्ग इतर वर्गांच्या आधी लागू होतो. आणि तान्हे मूल म्हणजे ज्याची उंची ८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही ते, असे नियमातच लिहिले आहे. क्रिकेटचे पॅड खेळाच्या साहित्यात मोडतात, पण फलंदाजाचे हातमोजे तिथे बसत नाहीत. ते ज्या पदार्थाचे बनले असतील त्या पदार्थाच्या प्रकरणात जातात. लोकर आणि सूत मिसळलेला मोजा असेल तर ज्या धाग्याचे वजन जास्त त्याचा तो मोजा. दोन्ही वजने सारखी निघाली तर दरपत्रकात ज्या धाग्याचा क्रमांक शेवटी येतो तो धरायचा. पायमोजे, मफलर, शाली, कानटोप्या अशा बारीकसारीक मालाची वर्गवारी अशाच प्रश्नोत्तरांतून ठरते आणि आयात करणाऱ्याने किती शुल्क भरायचे ते या उत्तरांनंतर कळते.

हे सारे कारकुनी काटेकोरपणाचे काम वाटते. सरकारने वस्तूंची नीट मांडणी करून ठेवली आहे, अधिकारी त्या मांडणीत माल बसवतो, राजकारण असेलच तर ते दर ठरवताना होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अर्थसंकल्पाच्या दिवशी वर्तमानपत्रे दर छापतात, वर्गवारीच्या टिपा कोणी छापत नाही. ही समजूत उलटी आहे असे माझे म्हणणे आहे. दराचा आकडा सर्वांना दिसतो, म्हणून त्यावर भांडण होते. कोणती वस्तू कोणाच्या पंक्तीला बसवायची हे मात्र आधीच आणि बरेचसे आडोशाला ठरलेले असते, आणि कराचा भार कोणावर पडणार हे तिथेच पक्के होते. याचा सर्वांत सबळ पुरावा मुंबईच्या कापडाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानातल्या सुती मालाच्या जकातीवरून जो झगडा झाला, तो वरवर टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात तो सुताच्या जाडीवर ओढलेल्या एका रेघेचा होता.

कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला उभी केलेली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर सहा वर्षांनी, १८६२ मध्ये, आयात सुती कापडावर ५ टक्के आणि सुतावर साडेतीन टक्के असे दर ठरले. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जे चढे दर बसवले होते ते उतरवून हे आकडे आले होते, आणि त्यांमागे महसुलाखेरीज दुसरा हेतू नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण द्यावे असा विचार कलकत्त्याच्या सरकारात कोणीही केलेला नव्हता. तरीही १८७४ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने भारतमंत्र्यांकडे अर्ज केला की हा कर म्हणजे हिंदी गिरण्यांना दिलेले संरक्षण आहे आणि तो काढून टाकावा. त्या अर्जातली एक तक्रार वर्गवारीच्या इतिहासात महत्त्वाची आहे. कर मालाच्या खऱ्या किमतीवर आकारला जात नसे. सरकारने मालाच्या जाती ठरवून प्रत्येक जातीची एक ठरावीक किंमत तक्त्यात लिहून ठेवली होती. बाजारात भाव उतरले तरी तक्त्यातली किंमत तशीच राही, म्हणून कागदावरचे ५ टक्के प्रत्यक्षात जास्त होतात, असे मँचेस्टरचे म्हणणे होते. ही तक्रार खोटी नव्हती. दर न बदलता केवळ तक्ता बदलून कर कमीजास्त करता येतो, हे मँचेस्टरला मुंबईच्या कितीतरी आधी उमगले होते.

व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी कर काढायला नकार दिला. १८७५ च्या कायद्यात त्यांनी इतर मालावरचा सर्वसाधारण दर साडेसातवरून पाचावर आणला, किमतींचे तक्ते सुधारले, पण कापडावरचे ५ टक्के ठेवले. त्याच कायद्यात मात्र एक नवी ओळ आली: परदेशातून येणाऱ्या लांब धाग्याच्या कापसावर ५ टक्के. वऱ्हाड-खानदेशचा कापूस आखूड धाग्याचा; त्यातून जाडे सूत निघते, बारीक निघत नाही. बारीक सूत काढायचे तर मिसरी किंवा अमेरिकन कापूस आणावा लागे. त्या कापसावर कर बसवणे म्हणजे मुंबईच्या चात्यांना बारीक सुताकडे जाण्याचा रस्ता महाग करून ठेवणे. कापूस हा कच्चा माल आहे, तो करमुक्त असावा हे तर मुक्त व्यापाराच्या शास्त्रातले पहिले कलम. ते इथे बाजूला ठेवले गेले, आणि त्यासाठी एवढेच करावे लागले: कापूस या एका वस्तूचे धाग्याच्या लांबीवरून दोन भाग पाडले.

लंडनमध्ये भारतमंत्री सॅलिसबरी यांचे एवढ्याने समाधान झाले नाही. १८७६ मध्ये नॉर्थब्रुक गेले, लिटन आले. ११ जुलै १८७७ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला की हिंदुस्थानातले सुती मालावरचे कर संरक्षक स्वरूपाचे आहेत आणि तिथली आर्थिक स्थिती परवानगी देईल तेव्हा विनाविलंब काढून टाकावेत. आर्थिक स्थिती परवानगी देत नव्हती. दख्खनमध्ये १८७६ पासून दुष्काळाने माणसे मरत होती, पाठोपाठ अफगाणिस्तानची लढाई आली. कर संपूर्ण काढणे शक्य नव्हते, तेव्हा वर्गवारी कामी आली. १८७८ मध्ये काही ठरावीक जातींचे जाडेभरडे कोरे कापड करमुक्त झाले, आणि १८७९ च्या मार्चमध्ये लिटन यांनी आपल्या मंडळातल्या बहुमताचा विरोध डावलून ३० नंबरपर्यंतच्या सुताचे सगळेच कोरे कापड करमुक्त केले.

हा नंबर म्हणजे काय, ते गिरणगावात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही, पण आता गिरण्याच राहिल्या नाहीत म्हणून लिहितो. सुताची लड ८४० वारांची धरतात. एक पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरच्या एक पौंड सुताची लांबी १६,८०० वार भरते, ३० नंबरच्या सुताची २५,२०० वार. नंबर वाढला की सूत बारीक होते. हे माप गिरणीत उपयोगाचे आहे, कारण तिथे सूत डोळ्यांसमोर निघत असते. जकातघरात समोर येते ते कापड. त्याचे धागे उसवून, लांबी मोजून, वजन करून नंबर काढायचा. पण कापडाला खळ असते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापूस महाग झाल्यापासून लँकेशायरच्या कापडात चिनी मातीची भरपूर खळ भरण्याची रीत पडली होती. खळीने धाग्याचे वजन वाढते, आणि वजन वाढले की बारीक धागा हिशेबात जाडा ठरतो. म्हणजे आधी खळ धुऊन काढली पाहिजे, ती पूर्ण निघाली की नाही हे पाहिले पाहिजे, मग उभ्या आणि आडव्या धाग्यांचे नंबर वेगवेगळे काढले पाहिजेत. ही कसोटी लावून रोज येणारे गठ्ठे दोन ढिगांत वाटायचे होते. मालाच्या स्वभावात ३० हा काही नैसर्गिक सांधा नाही. २९ नंबरचे आणि ३१ नंबरचे कापड अंगावर घातल्यावर कोणाला वेगळे ओळखू येणार नाही.

पुढे जे झाले ते माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. लँकेशायरने कापडच बदलले. ३० च्या वरच्या सुतातून जे कापड विणले जाई ते थोडे जाडे सूत घालून विणले, की हिंदुस्थानात करमुक्त आत येई. करमुक्त कोऱ्या कापडाची आयात भराभर वाढली, कर लागणाऱ्या कोऱ्या कापडाची घटली. रेघ ओढताना असे सांगितले होते की जाड्या मालात मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा आहे, तेवढ्यापुरता संरक्षणाचा दोष काढून टाकू. बारीक माल कर देत राहील आणि महसूल वाचेल. प्रत्यक्षात बारीक मालाने रेघ ओलांडून जाड्याचे रूप घेतले आणि महसूल गळू लागला. शिवाय बारीक, धुतलेल्या, रंगीत आणि छापील मालाचे विलायती कारखानदार तक्रार करू लागले की आमच्याच देशातल्या जाड्या मालवाल्यांना सूट आणि आम्हाला कर, हा अन्याय आहे. वर्गवारीने आधी एक भेद केला, मालाने त्या भेदाप्रमाणे आपले अंग बदलले, आणि त्या बदलामुळे भेद टिकवणे अवघड झाले. १८८२ मध्ये व्हाइसरॉय रिपन यांच्या कारकिर्दीत अर्थसदस्य इव्हलिन बेअरिंग यांनी कापडावरचा कर आणि त्याबरोबर बहुतेक सगळे आयात कर उठवले. मीठ, दारू, शस्त्रे अशा मोजक्या वस्तू तेवढ्या राहिल्या. बेअरिंग मनापासून मुक्त व्यापाराचे होते यात शंका नाही. पण तीन वर्षांपूर्वी ओढलेल्या रेघेने जो गोंधळ माजवला होता, त्यामुळे त्यांचे काम सोपे झाले.

बारा वर्षे बंदरे जवळपास खुली राहिली. या काळात चांदी उतरत गेली, तिच्याबरोबर रुपया उतरला, आणि लंडनला पौंडांत पाठवायची रक्कम रुपयांत फुगत गेली. १८९३ मध्ये टाकसाळी चांदीला बंद कराव्या लागल्या. १८९४ च्या मार्चमध्ये अर्थसदस्य जेम्स वेस्टलँड यांनी सर्वसाधारण आयातीवर पुन्हा ५ टक्के बसवले, आणि आयातीतला सर्वांत मोठा माल, म्हणजे सुती कापड, तेवढे वगळले. तूट भरून काढण्यासाठी कर, आणि ज्यातून तूट भरेल तोच माल मोकळा, हे इतके उघडे होते की हिंदुस्थानातल्या इंग्रज व्यापाऱ्यांनीही त्याला विरोध केला. डिसेंबरात सुती मालही कराखाली आला, पण एका अटीवर. इथल्या गिरण्यांत निघणाऱ्या २० नंबरपेक्षा बारीक सुतावर ५ टक्के अबकारी कर बसला. विलायती मालाशी ज्या सुताची स्पर्धा होऊ शकते तेवढ्यावरच तोलाचा कर, अशी ही मांडणी होती. रेघ आता ३० वरून २० वर आली होती, आणि पूर्वी जी आयात मालावर होती ती आता इथल्या गिरणीच्या आत ओढली होती.

या रेघेला निदान व्यवहाराचा आधार होता, हे मान्य केले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांचे बहुतेक सूत २० च्या खालचे होते. चीनला जे सूत जाई तेही जाडेच. लँकेशायरहून येणारे सूत त्याहून बारीक असे. दोघांच्या शेतांमध्ये खरोखर एक बांध होता आणि २० हा आकडा त्याच्या आसपास पडत होता. लँकेशायरचे आक्षेपही सगळेच पोकळ नव्हते. आयात कापडावर कर त्याच्या पूर्ण किमतीवर, म्हणजे कापूस, कताई आणि विणाई धरून लागे. इथल्या कापडात मात्र फक्त सुताच्या किमतीवर. तेव्हा बारीक कापडात इथल्या गिरणीला थोडा फायदा उरतोच, हे त्यांचे गणित बरोबर होते. दुसरा आक्षेप असा की बारीक कापड करामुळे महागले तर गरीब गिऱ्हाईक जाड्या कापडाकडे वळेल, म्हणून जाडे आणि बारीक हे वेगळे माल मानताच येत नाहीत. यातही काही तथ्य आहे. प्रश्न असा आहे की या दोन आक्षेपांवर जो उपाय केला गेला तो आक्षेपांच्या मापाचा होता का.

१८९५ मध्ये इंग्लंडात सत्तापालट झाला आणि जॉर्ज हॅमिल्टन भारतमंत्री झाले. १८९६ च्या फेब्रुवारीत नवे कायदे आले. सूत, देशी असो वा परदेशी, पूर्ण करमुक्त. आयात सुती कापडावर पाचाऐवजी साडेतीन टक्के. आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांत विणलेल्या सगळ्या कापडावर, मग सूत कोणत्याही नंबरचे असो, साडेतीन टक्के अबकारी. रेघ पुसली गेली. दोन्हीकडे एकच दर, सुताचा नंबर काढायची कटकट नाही, नियमात कोणताही भेदभाव नाही. वरून पाहिले तर यापेक्षा निःपक्षपाती वर्गवारी सुचणार नाही. मुंबई-पुण्यातल्या लोकांना ती इतकी का झोंबली, हे समजण्यासाठी कोणाच्या खिशातून काय गेले ते पाहावे लागते. विलायतेचे बारीक कापड घेणाऱ्याचा कर पाचावरून साडेतीनावर उतरला. हा गिऱ्हाईक बहुधा खाऊनपिऊन सुखी घरचा. मुंबई, सोलापूर, नागपूर इथल्या गिरण्यांचे जाडे धोतर, जाडी चादर, मांजरपाट घेणाऱ्यावर मात्र जो कर कधीच नव्हता तो नव्याने बसला, आणि हा गिऱ्हाईक शेतकरी, मजूर, गाडीवान. ज्या जाड्या मालात लँकेशायरची स्पर्धा नावालाच होती, त्यावर स्पर्धेचा समतोल साधण्याच्या नावाने कर आला. भेद करणारी रेघ जशी पक्षपाती असू शकते, तशीच आवश्यक असलेली रेघ पुसून टाकणेही पक्षपाती असू शकते. सगळे कापड एकाच वर्गात घालणे हा १८९६ मधला सर्वांत मोठा राजकीय निर्णय होता, आणि तो समानतेच्या भाषेत लिहिला होता.

पुण्यात याची प्रतिक्रिया तत्काळ उमटली. टिळकांनी विलायती कापडावर बहिष्कार घालण्याचा प्रचार सुरू केला आणि विद्यार्थ्यांनी परदेशी कपड्यांची होळी केली. वंगभंगाच्या चळवळीची म्हणून जी हत्यारे पुढे १९०५ मध्ये देशभर गाजली, ती महाराष्ट्रात नऊ वर्षे आधी, कापडाच्या वर्गवारीच्या निमित्ताने उपसली गेली होती. पुण्याला हा विषय नवा नव्हता. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांनी सत्तरच्या दशकातच स्वदेशी कापडाचे व्रत घेतले होते, आणि रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन इंग्रजी ग्रंथांतले सिद्धान्त जसेच्या तसे इथे लावू नयेत असे साधार मांडले होते. नंतरच्या काळात गोखल्यांनी कौन्सिलमध्ये या अबकारीविरुद्ध बाजू मांडली. टिळक आणि गोखले यांचे ज्या थोड्या प्रश्नांवर एकमत होते, त्यांत हा एक होता.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, तो टाळून चालणार नाही. साडेतीन टक्क्यांनी मुंबईच्या गिरण्या बुडाल्या का? नाही बुडाल्या. १८९६ नंतर गिरण्यांवर जी संकटे आली त्यांत त्याच वर्षी मुंबईत आलेला प्लेग, लागोपाठचे दुष्काळ आणि चीनच्या सुताच्या बाजारात जपानने मारलेली मुसंडी यांचा वाटा अबकारीपेक्षा कितीतरी मोठा होता. उलट सूत करमुक्त झाल्याने आणि हातमाग अबकारीतून वगळल्याने साळी-कोष्ट्यांना थोडी मदतच झाली असे म्हणता येईल. हे सगळे मी मान्य करतो. राष्ट्रीय चळवळीच्या भाषणांत या कराला उद्योगाचा गळा घोटणारा म्हटले जाई. आकड्यांपुढे ते विधान टिकत नाही. पण माझा मुद्दा उद्योग बुडाल्याचा नाही. कराचा भार एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उचलून दुसऱ्या, जास्त गरीब गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवला गेला, आणि हे काम दर वाढवून झाले नाही, वर्ग बदलून झाले. शिवाय हातमागाची सूट हीसुद्धा एक रेघच होती. कापड तेच, सूत तेच, फक्त माग हाताने चालतो की वाफेने, यावरून कर. स्वातंत्र्यानंतर या रेघेला बराच मोठा वारसा लाभला. गिरणी, यंत्रमाग आणि हातमाग यांच्यावर अबकारीचे वेगवेगळे नियम आले, लहान यंत्रमाग घटकांना सवलत मिळाली, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत मोठ्या मालकांनी एकाच छपराखालचे माग कागदोपत्री लहान लहान घटकांत वाटले. १८७९ नंतर लँकेशायरने सुताची जाडी बदलली होती. इथे मालकीचे कागद बदलले. गिरण्यांमधले विणकाम यंत्रमागांकडे सरकण्याची कारणे अनेक आहेत, तरी त्यांत या सवलतीला मोजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. रेघा ओढल्यावाचून कर गोळाच करता येत नाही, कुठेतरी आकडा लिहावाच लागतो, मग प्रत्येक आकड्यामागे डाव शोधण्यात काय अर्थ? हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. ८६ सेंटिमीटर या आकड्यामागे कोणाचा डाव नाही. मुलांचे कपडे मोठ्यांच्या कपड्यांहून वेगळे काढायचे तर काही माप हवेच. रेघ ओढणे चूक आहे असे मी म्हणत नाही. रेघ कोणी मागितली, ती हलवल्यावर कोणाचा माल तिच्या पलीकडे गेला, आणि ती तपासण्याचे साधन कोणाच्या हातात आहे, हे विचारल्याशिवाय ती निरुपद्रवी मानू नये, एवढेच म्हणणे आहे. १८७८, १८९४ आणि १८९६ या तिन्ही वेळी रेघेची मागणी ज्या मालाला तिचा फायदा होणार त्याच्याच गावाहून आली होती, आणि ज्यांच्या कापडावर ती ओढली गेली त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता.

हा अबकारी कर शेवटी गेला तोही गिरणगावातून. १९१७ मध्ये युद्धखर्चासाठी आयात कापडावरचा दर साडेसातावर गेला आणि अबकारी साडेतीनावरच राहिली, तेव्हाच समान दराचे तत्त्व मोडले होते. १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि मुंबईतले सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत संप चालला. सरकारने अबकारी स्थगित केली, मालकांनी कपात मागे घेतली, भोंगे पुन्हा वाजले. पुढच्या वर्षी कर कायमचा रद्द झाला. कौन्सिलमधल्या भाषणांनी तीस वर्षांत जे झाले नाही ते मजुरांच्या उपासमारीने तीन महिन्यांत झाले. त्यांनी संप कराविरुद्ध केला नव्हता. कराचा भार गिऱ्हाइकावर टाकता येईना तेव्हा मालक तो मजुरीवर टाकू पाहत होते, आणि मजुरांनी तो घ्यायला नकार दिला.

सुयांवरच्या मालाची गोष्ट इथून सुरू होते. मागावरच्या कापडाभोवती एवढे रण माजले असताना मोजे, गंजीफ्रॉक, मफलर हे जकातीच्या यादीत किरकोळ होते. १९३० च्या दशकात जपानी मालाची लाट आली आणि टॅरिफ बोर्डाच्या चौकशीत होजियरीचा वेगळा विचार झाला, संरक्षणासाठी तिचे वेगळे कलम आले. किमतीवर टक्के घेतले तर स्वस्त जपानी मोज्यावर कर नगण्य पडतो, म्हणून डझनावर की वजनावर घ्यावा, हा वाद तेव्हाचा आहे. स्वातंत्र्यानंतर १९७५ चा सीमाशुल्क दरपत्रक कायदा २ ऑगस्ट १९७६ पासून ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय नामावलीवर चालू लागला, आणि १९८६ पासून आजची सुसंवादी पद्धत आली, जी जगभर १ जानेवारी १९८८ रोजी अमलात आली. सुयांवरचे कपडे एकसष्टात, मागावरचे बासष्टात ही विभागणी आता जगभर एकच आहे. कोणा एका मँचेस्टरला ती एकट्याने हलवता येत नाही, ही गेल्या दीड शतकातली खरी सुधारणा आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. तरी त्या विभागणीतही अपवाद आहेत: काचोळी सुयांवरची असली तरी बासष्टातच, ६२१२ मध्ये जाते. आणि वर्गवारीच्या क्रमांकातले सहा आकड्यांच्या पुढचे आकडे, दर, आणि दर किमतीवर घ्यायचा की वजनावर, हे प्रत्येक देशाच्या हातात आहे.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सुयांवरच्या कापडाच्या नऊ ओळींवरचे शुल्क बदलले: पूर्वी १० किंवा २० टक्के होते, आता २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांतले जे जास्त असेल ते. यातही एक रेघ आहे, फक्त ती लिहिलेली नाही. भागाकार करून काढावी लागते. ११५ हे ५७५ चे २० टक्के. किलोला ५७५ रुपयांहून महाग कापडाला टक्के लागतात, स्वस्त कापडाला वजन लागते, आणि कापड जितके स्वस्त तितका वजनाचा कर टक्क्यांत जड होतो. किलोला २३० रुपयांचे कापड घेतले तर तो ५० टक्के भरतो. खरी किंमत लपवून मालाची किंमत कमी दाखवणाऱ्या आयातीला आळा घालायचा हा उपाय आहे, आणि कापड इथे विणणाऱ्या कारखानदाराला तो हवाच होता. १८७४ मध्ये मँचेस्टरने तक्त्यातल्या किमतींविरुद्ध जी तक्रार केली होती तिची दुसरी बाजू इथे दिसते: तेव्हा सरकारी किंमत खऱ्या किमतीहून जास्त होती, आता दाखवलेली किंमत खऱ्याहून कमी असल्याचा संशय आहे. पण प्रामाणिकपणे स्वस्त असलेले कापड आणि खोट्या बिलाने स्वस्त दाखवलेले कापड यांत किलोचा काटा फरक करत नाही. रेघेच्या खालच्या बाजूला कोण आहे, हे पाहायचे तर स्वस्त टी-शर्ट, कानटोपी, मुलांचे मोजे शिवणाऱ्या लहान कारखान्यांत आणि ते विकत घेणाऱ्या घरांत जावे लागेल.